उसना राग

सरांनी मला भर बाजारात सांगितलं, की तुझा राग तुझा नाही, उसना आहे. ही गोष्ट मी विसरलेले नाही. लोक मला समजावतात, की अगं, त्या माणसाने तुला शिकवलं, वेळेवर दवाखान्यात पाठवलं, आणि तू अजून तेच धरून बसलीस? हो, धरून बसले. दवाखान्यात पाठवलं हे कबूल. पण ते मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. भेंडीच्या क्रेटांसमोर, कल्याणच्या व्यापाऱ्यासमोर सांगायची गरज नव्हती.

माझ्याकडे रागाशिवाय दुसरं भांडवल कधी नव्हतंच. सिद्धगडाच्या अंगाला, म्हसा गावाच्या पुढे आमची वाडी. आठ वर्षांची असताना मी कर्जत रस्त्यावर पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन उभी राहायचे. गाडीची काच खाली करून कोणी अर्ध्या भावाने मागितलं, की मी दिलेला द्रोणसुद्धा त्याच्या हातातून परत ओढून घ्यायचे. बाकीच्या पोरी हात जोडायच्या, मी डोळे वटारायचे. माझी करवंदं आधी संपायची. आज मुरबाड आणि शहापूर तालुक्यातली भेंडी, काकडी, कारली माझ्या दोन टेम्पोंतून जातात. द्रोणापासून टेम्पोपर्यंत मी आवाजावर आले. त्या आवाजाला उसना म्हणणारा माणूस कसा होता, ते सांगते. मग तुम्हीच ठरवा.

सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. शाळा मुरबाड तालुक्यात आणि स्वतः राहायचे शहापुरात. रोज किन्हवलीवरून येणाऱ्या एसटीने यायचे आणि त्याच एसटीने परत जायचे. मुख्याध्यापकांनी त्यांना शाळेजवळ खोली बघून दिली होती. सर म्हणाले, "खोलीत मी एकटा असेन. एसटीत पन्नास माणसं असतात."

त्या पन्नास माणसांचं ते काय करायचे, तर त्यांचे गळे बघायचे. समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायची सवयच त्यांना नव्हती. हनुवटीच्या खाली, कंठाच्या जरा खाली नजर लावून बोलायचे. पहिल्या वर्षी एका म्हातारीने त्यांना चोर ठरवलं. पदर मंगळसूत्रावर ओढून ती कंडक्टरला ओरडली, "ह्या मानसाला उतरव रे! कवाधरून माज्या डोरल्याकडं बघतोय!" सर शांतपणे म्हणाले, "आजी, डोरलं झाकलंत तरी चालेल. फक्त एकदा गिळून दाखवा." त्यावर अख्खी गाडी हसली. म्हातारीने त्यांना छत्रीने मारलं, आणि मग उत्सुकतेपोटी गिळूनही दाखवलं.

कोणी भेटलं की 'कसं काय' विचारायची पद्धत आहे. सर विचारायचे, "झोप? भूक? घाम?" बस्स, तीन शब्द. नवीन माणूस गोंधळायचा. आमच्या बाजूचे लोक सरावले होते. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता उत्तर द्यायचा, "झोप बरी, भूक बरी, आनि मास्तर, मे महिना हाय, घामाचं काय विचारता?" सर मान हलवायचे. आमच्या गावचा सरपंच एकदा म्हणाला, की निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांनीसुद्धा माझी इतकी चौकशी कधी केली नाही.

लग्न केलं नाही त्यांनी. कोणी विचारलं तर म्हणायचे, "संप्रेरकं सगळी जागेवर आहेत. सवड नाही."

संप्रेरक हा त्यांचा आवडता शब्द. दहावीच्या पुस्तकात अंतःस्रावी ग्रंथींचा धडा जेमतेम दोन-तीन पानांचा होता. इतर शिक्षक तो एका तासात उरकायचे. सर त्याला तीन आठवडे लावायचे आणि मग प्रकाशाचं परावर्तन एका तासात उरकायचे.

तो धडा ते वर्गात शिकवायचेच नाहीत. आम्हाला मैदानावर न्यायचे. आम्हा पंचेचाळीस पोरांचं मिळून एक शरीर व्हायचं. सगळ्यात बुटकी पोर टेबलाखाली बसवली. ती पीयूषिका, मेंदूच्या खाली लोंबणारी, वाटाण्याएवढी. दोघं जण मूत्रपिंड, त्यांच्या डोक्यावर टोप्या घातलेले दोघं जण अधिवृक्क ग्रंथी. हृदय म्हणून एकाने टाळ्या वाजवत राहायचं. यकृताच्या हातात गुळाची पिशवी. पोट म्हणून एकजण डबा उघडून बसलेला.

मला पीयूषिका व्हायचं होतं, कारण पुस्तकात तिला सगळ्या ग्रंथींची मुख्य म्हटलं होतं. सरांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. "तू अधिवृक्क. बाकावर जागेसाठी मारामारी करतेस ना, त्याच कामाची."

मी रुसून उभी राहिले. तेवढ्यात सर ओरडले, "वाघ!"

मी काय करायचं ते मला कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी मैदानभर ओरडत पळाले. "वाघ! वाघ आला!" टाळ्यांचा वेग वाढला. यकृताने गूळ वाटायला सुरुवात केली. पोटाने डबा बंद केला, कारण वाघ समोर असताना जेवायचं नसतं. पाय झालेली पोरं खरीच पळत सुटली आणि एक जण कुंपणाच्या निवडुंगात पडला. सर टाळ्या पिटत होते.

"बघितलंत? हिने कोणाचा हात धरला नाही, कोणाच्या कानात सांगितलं नाही. गावात दवंडी देतात ना, तसं. मेंदूला नुसत्या बोटाशी बोलायचं असेल, तर नस आहे, थेट माणूस धाडल्यासारखी. पण अख्ख्या शरीराला सांगायचं तर दवंडी लागते. ग्रंथी रक्तात थेंब सोडते. रक्त गावभर फिरतं. दवंडी ऐकतात सगळे, पण उठतो तोच, ज्याच्यासाठी ती आहे."

मी अजून रागातच होते. विचारलं, "सर, पन पीयूषिका मोठी ना? ती तर नुसती टेबलाखाली बसलीय."

"ती सगळ्यांचं ऐकतेही," सर म्हणाले. "शरीरात साहेब कोणी नाही."

हे त्यांचं आणखी एक वाक्य. मुख्याध्यापकांसमोर ते जरा जास्तच मोठ्याने म्हणायचे.

ग्रंथी एकमेकींचं ऐकतात म्हणजे काय, ते मला माझ्याच लग्नात कळलं. मांडवात पंगत बसली होती. एक वाढपी बुंदी घेऊन फिरत होता. माझ्या मावशीने पत्रावळीवर आडवा हात धरला आणि तो पुढे सरकला. एवढ्यात सरांनी उठून त्याचं मनगट धरलं.

"थांब. का थांबलास?"

"अवो मास्तर, बाईंनी हात आडवा केला ना!"

"हेच!" सर पंगतीच्या मधोमध उभे. "मंडळी, आचारी म्हणजे पीयूषिका. तो वाढप्याला हुकूम देतो. वाढपी म्हणजे गळ्यातली अवटू ग्रंथी. ती रक्तात तिचं द्रव्य वाढते. त्या द्रव्यावर शरीराची शेगडी चालते, ऊब तिचीच, वेग तिचाच. पुरेसं झालं की रक्तच हात आडवा करतं. तो आडवा हात आचाऱ्याला दिसतो आणि तो हुकूम थांबवतो. कमी पडलं की हात निघतो, हुकूम पुन्हा सुरू. दिवसरात्र हेच. आणि हे आपल्याला कळतही नाही!"

"मास्तर," माझे सासरे खालून म्हणाले, "आमाला कळतंय. वरण निवतंय."

"आणि वाढप्याला आडवा हात दिसलाच नाय तर?" पंगतीतल्या एका पोराने विचारलं.

सर एकदम गंभीर झाले. "तर माणूस बसल्या जागी पळायला लागतो."

मी बोहल्यावर हिरव्या साडीत बसून हे ऐकत होते. माझ्या लग्नातलं तेवढंच भाषण मला आठवतं.

आता पाण्याची गोष्ट. सरांच्या खांद्याला कायम स्टीलची बाटली असायची. कोणाच्या गळ्याचा संशय आला, की ते झाकणात पाणी ओतून पुढे करायचे. "घोट घे." माणूस गिळताना अवटूवर सूज असेल तर ती वर-खाली हलते, ती बघायची. एवढंच त्या पाण्याचं काम.

आमच्या वाडीच्या वर, डोंगराला टेकून एक पाडा आहे. तिथली यमुना नावाची बाई. वय तिशीच्या आतलं, पण अंग सुजलेलं, केस गळालेले, आवाज घोगरा, उन्हातही घोंगडी पांघरून बसायची. सासू म्हणायची, आळशी आहे. काही जण म्हणायचे, बाहेरचं आहे. ती एकदा मुरबाडला जाताना एसटीत सरांच्या समोर बसली. सरांनी पाणी दिलं, गळा पाहिला आणि तिच्या नवऱ्याला चिठ्ठी लिहून सरकारी दवाखान्यात पाठवलं. "हिचा वाढपी झोपलाय," असं त्याला समजावलं. दवाखान्यात रक्त तपासलं, रोजची गोळी सुरू झाली. पुढच्या आवणीला यमुना चिखलात उतरून गाणं म्हणत रोपं लावत होती, सासूपेक्षा दोन हात पुढे.

पाड्याने हे बघितलं आणि निष्कर्ष काढला. गोळ्या तर सगळेच डॉक्टर देतात. ह्या मास्तराच्या पाण्यात काहीतरी आहे!

पुढच्या रविवारी सरांच्या शहापूरच्या खोलीसमोर माणसं बाटल्या घेऊन बसली. कोणाचं पोर रडत होतं, कोणाची म्हैस दूध देत नव्हती. सर बाहेर येऊन तासभर बोलले. नळाचं पाणी आहे, नगरपंचायतीचं आहे, त्यात क्लोरीन सोडून काहीही नाही. लोक ऐकत राहिले. शेवटी एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "भगताने कवा सांगतलंय का मंतर? तुमी नका सांगू. फकस्त पानी द्या."

मी तेव्हा शहापूरला माल बघायला गेले होते. सर मला म्हणाले, "तू सांग यांना. तुझं ऐकतील."

मी म्हटलं, "सर, गिऱ्हाईक दारात आलंय आणि तुम्ही त्याला हाकलताय? पाणी द्या. पण फुकट देऊ नका. बदल्यात दवाखान्याची चिठ्ठी मागा. आधी रक्त तपासायचं, मग पाणी."

"हे खोटं आहे."

"पाणी खरं आहे ना? तेवढं पुरे."

त्यांनी पहिल्यांदा माझ्या गळ्याकडे न बघता तोंडाकडे बघितलं. मग लोकांना म्हणाले, "दवाखान्याचा कागद दाखवेल त्याला पाणी. आणि गोळी चुकवली, तर पाणी लागू पडणार नाही." म्हशीला मात्र त्यांनी साफ नकार दिला.

त्या वर्षी दवाखान्यात आमच्या बाजूची जेवढी माणसं रक्त तपासायला गेली, तेवढी मी आधी कधी बघितली नव्हती. सरांना याचा आनंद होता आणि लाजही वाटायची. अर्धं खोटं बोललो, असं मला पुढे कितीदा तरी म्हणाले. मी म्हणायचे, की सौद्यात अर्धं खरं असलं तरी खूप असतं.

सर निवृत्त झाले आणि त्यानंतर काही वर्षांनी त्या दुखण्यात माझा नंबर लागला. मला तो लागलाय हे कळलंच नाही. उलट मी खूश होते. दुप्पट जेवत होते आणि बारीक होत होते. बाजारातल्या बायका विचारायच्या, "काय गो, काय खातेस?" पौषातल्या थंडीत मी पंखा लावून झोपायचे आणि नवरा दोन गोधड्यांत गुरफटून शिव्या द्यायचा. हात थरथरायचे. मला वाटायचं, कामाचा जोर आहे. आणि राग तर असा यायचा, की बास. तोंड उघडायच्या आधीच तो बाहेर पडलेला असायचा.

किन्हवलीचे तात्या मला अकरा वर्षं भेंडी देत होते. एका क्रेटात चार भेंड्या जून निघाल्या म्हणून मी त्यांना त्यांच्या सुनेसमोर वाटेल ते बोलले. म्हातारा क्रेट उचलून आत गेला. पुढच्या दिवशी त्यांचा माल दुसऱ्याच्या गाडीत चढला. असे तीन शेतकरी दोन महिन्यांत गेले. मी म्हटलं, गेले तर गेले. माझा राग ऐन भरात आहे.

अशा भरात मी एके दिवशी मुरबाडच्या बाजारात कल्याणच्या व्यापाऱ्याशी भांडत होते. त्याला सगळे दादूस म्हणतात. गळ्यात साखळी, तोंडात पान, आणि समोरच्याचा भाव ऐकून हसायची सवय.

"काय गो ताय, सोन्याची हाय का भेंडी?"

"सोन्याची नाही, म्हणून तर एवढ्यात देतेय! घ्यायची तर घे, नाहीतर गाडी वळव!"

तेवढ्यात सर आले. कुठून आले माहीत नाही. मी ओरडत होते आणि ते माझ्या गळ्याकडे बघत होते. झाकणात पाणी ओतून पुढे केलं. तहान लागली होती, मी पिऊन टाकलं. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघितलं.

"एकशे बत्तीस," ते म्हणाले. "बाई, हा राग तुझा नाही. उसना आहे. गळ्यातल्या गाठीचा आहे."

आजूबाजूचे हमाल वळून बघायला लागले. मग दादूस हसला. "मंग तुला कशाला विचारू? गाठीलाच भाव विचारतो ना!"

सगळे हसले. हमाल हसले, शेतकरी हसले, माझा स्वतःचा टेम्पोवाला तोंड वळवून हसला. मी सरांची बाटली घेऊन समोरच्या भिंतीवर फेकली. तिला मोठा पोचा पडला. सरांनी ती उचलली, पुसली आणि म्हणाले, "हेही तिचंच."

तो सौदा मी हरले.

नवऱ्याने मला ओढतच दवाखान्यात नेलं. सर म्हणाले होते तेच निघालं. आचारी थांब म्हणत होता, रक्त हात आडवा करत होतं, आणि माझा वाढपी, म्हणजे अवटू, वाढतच सुटला होता. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर हृदयावर येईल. वर्षभर तरी गोळी, दर काही आठवड्यांनी तपासणी.

मी गोळ्या पिशवीत घालून थेट शहापूरला सरांच्या खोलीवर गेले. बसलेही नाही.

"गोळीने राग जाईल?"

"जो उसना आहे तो जाईल."

"आणि माझा?"

"तुझा राहील."

"किती राहील?"

"ते मला माहीत नाही," सर म्हणाले.

सरांच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी तिथेच खाली बसले. मी म्हटलं, "सर, सगळाच उसना निघाला तर? मी बाजारात उभी कशावर राहू? मला गोड बोलता येत नाही. मला दुसरं काहीच येत नाही."

त्यांनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात ठेवली.

"अर्धी गोळी घेते," मी म्हटलं. "अर्धा राग ठेवते."

"इथे भाव होत नाही."

"मग एक ऐका. पूर्ण गोळी घेते. पण रिपोर्ट सरळ आल्यावर राग शिल्लक निघाला, तर तुम्ही शब्द मागे घ्यायचे. त्याच बाजारात. दादूसच्या समोर. आणि तेवढ्याच मोठ्याने."

"मान्य," सर म्हणाले. आमच्यात एवढा एकच सौदा झाला, आणि त्यांनी तो घासाघीस न करता केला याचा मला तेव्हा संशयही आला.

पुढचे काही महिने सांगण्यासारखे नाहीत. झोप लागायला लागली. हात स्थिर झाले. अंग भरलं. घरातले खूश होते. मी मात्र रोज सकाळी उठून राग शोधायचे, जसं आपण खिशात किल्ली आहे का ते चाचपतो. ऐन श्रावणात दादूसने काकडीचा भाव पाडून मागितला आणि मी, काही न बोलता, दिली. त्यालाच धक्का बसला. "ताय, बरी हायस ना?" त्याने विचारलं. त्या दिवशी घरी येऊन मी रडले. मला वाटलं, गेलं सगळं. जी बाई द्रोण परत ओढून घ्यायची, ती एका गाठीची सावली होती.

एक मात्र झालं. त्याच दिवसांत मी तात्यांकडे गेले. माफी मागायला गेले होते, पण ती जमली नाही. त्यांच्या अंगणातले क्रेट उचलून एकेक भेंडी निवडत बसले. तासाभराने तात्या म्हणाले, "जून निघाली का एकादी?" मी म्हटलं, "निघाली. चार." ते हसले. पुढच्या हंगामात त्यांचा माल माझ्या टेम्पोत आला.

रिपोर्ट सरळ आला तेव्हा भेंडी सुरू झाली होती. मी तो सरांना दाखवला आणि म्हटलं, उद्या सकाळी बाजारात या.

दादूसला श्रावणातली चटक लागली होती. त्याने क्रेटात हात घातला, तात्यांची भेंडी उचलली, मोडून बघितली, आणि मागच्या वर्षीपेक्षाही खालचा भाव सांगितला. वर म्हणाला, "दे ना गो. तू आता शानी झालीस."

तेव्हा तो आला. आधी यायचा तसा तोंडातून फुटून नाही. पोटातून, सावकाश, एकेक पायरी बघत वर आला. मला तो येताना दिसत होता. कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं, कुठे क्रेट परत ओढायचा, हे सगळं मला दिसत होतं. मी दादूसला त्याच्या श्रावणातल्या काकडीपासून त्याच्या गळ्यातल्या साखळीपर्यंत सगळं सुनावलं. हमाल क्रेट खाली ठेवून ऐकत उभे राहिले. मधेच माझं मनगट कोणीतरी धरल्याचं जाणवलं, पण मी थांबले नाही. दादूसचं पान तोंडातच राहिलं. त्याने माझा भाव मान्य केला.

मग सर एका क्रेटवर चढले.

"नाडी अठ्ठ्याहत्तर!" ते ओरडले. वर्गातसुद्धा ते इतक्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते. "मंडळी, मी शब्द मागे घेतो. ही पंधरा मिनिटं ओरडली आणि नाडी अठ्ठ्याहत्तर! यात कोणत्याही ग्रंथीचा काही संबंध नाही. हा राग अस्सल आहे आणि संपूर्ण हिचा आहे!"

तात्या टाळ्या वाजवायला लागले. मग सगळेच वाजवायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि तेवढ्यात दादूसने पान थुंकून विचारलं, "म्हंजे मास्तर, हिचं काळीज जाग्यावरच व्हतं? ही नुसतीच ओरडत व्हती?"

हे सरांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी माझी अब्रू परत दिली आणि त्याच वाक्यात माझं हत्यार मोडून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मी जरा आवाज चढवला, की जो तो हात पुढे करायचा. "ताय, आदी नाडी दाव." शेतकरी म्हणायचे, व्यापारी म्हणायचे, भाजी घ्यायला आलेली शाळेची पोरंसुद्धा म्हणायची. आता सांगा, माझी तक्रार खोटी आहे का? एकदा म्हणाले राग उसना, दुसऱ्यांदा म्हणाले अस्सल, आणि दोन्ही वेळेला नुकसान माझंच.

पण मी त्यांचीच विद्यार्थिनी. पंधरवडाभर विचार केला आणि मला मैदानावरची टोपी आठवली नाही, असं कसं होईल? अधिवृक्कला वाघ खरा की खोटा, चालणं की पळणं, एवढं कुठे कळतं? तिला दम लागला की पुरे. काकडीचा मोठा सौदा होता त्या सकाळी मी टेम्पो लांब एसटी स्टँडपाशी उभा करायला लावला. साडी खोचली, दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेतल्या आणि चढाने भरभर बाजारात आले. आल्या आल्या दादूसवर तुटून पडले.

त्याने सवयीने मनगट धरलं आणि त्याचा चेहरा बदलला. आकडा त्याला मोजता येत नव्हता, पण बोटाखाली काय उडतंय ते कळत होतं. सर तिथेच होते. तेव्हा ते वाशिंदला भाच्याकडे राहायला गेले होते, पण बाजाराच्या दिवशी मुरबाडला आल्याशिवाय त्यांना करमायचं नाही. "मास्तर, तुमीच मोजा," दादूस म्हणाला.

सरांनी माझा हात घेतला. माझ्या चपलांवरची धूळ बघितली. पिशव्यांचे बोटांवर उठलेले वळ बघितले. कपाळावरचा घाम बघितला. घड्याळाचा काटा पूर्ण फिरेपर्यंत मोजलं.

"एकशे चौदा."

"म्हंजे आज खरीच तापलीय?"

सरांच्या प्रत्येक पेपरात 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न असायचा, आणि कारण न देता नुसतं उत्तर लिहिलं तर ते शून्य द्यायचे. त्या शून्यांपायी मी नववीला दोनदा बसले आहे. त्यांनी माझं मनगट सोडलं.

"आकडा बरोबर आहे," ते म्हणाले, आणि पुढे काही बोललेच नाहीत.

दादूसने माझा भाव दिला. सरांनी क्रेटातली एक काकडी उचलली, सदऱ्याला पुसली आणि ती खात खात, कोणाच्याही गळ्याकडे न बघता, बाजारातून चालते झाले.